घरी १९२.१६८.१, ऑफिसलाही १९२.१६८.१: व्हीपीएन लागतं पण काहीच उघडत नाही, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ (/२४ म्हणजे २५६ पत्त्यांची एक रेंज) आणि तिथला फाइल सर्व्हर १९२.१६८.१.५०. घरचं नेटवर्कही १९२.१६८.१.०/२४, राउटर १९२.१६८.१.१ आणि तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.७. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित जोड, म्हणजेच टनेल) लागलं की लॅपटॉपला टनेलमधला आणखी एक पत्ता मिळतो, १०.८.०.६. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, भानगड हीच. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा.

व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतं, इंटरनेटही चालतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही. असं का?

टनेल उभा आहे, पण तुमचं पॅकेट (डेटाचा तुकडा) त्याच्या तोंडापर्यंत जातच नाही. सर्व्हर उघडायला गेलात की लॅपटॉप आधी स्वतःचं राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेने जायचं याची यादी) बघतो: १९२.१६८.१.५० कुठे राहतो? टेबलात ओळ सापडते की १९२.१६८.१.०/२४ हे आपलंच वायफाय. म्हणजे हा तर शेजारी! शेजाऱ्याकडे जायला राउटर लागत नाही, टनेल तर नाहीच. मग लॅपटॉप घरातल्या घरात हाक मारतो, 'पन्नास नंबर कोण आहे?' या हाकेला एआरपी म्हणतात. घरात पन्नास नंबरचं काही नसेल तर उत्तर येत नाही आणि तुम्ही फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसता.

व्हीपीएन क्लायंटचा हिरवा दिवा खोटं बोलत नाही. टनेल उभा करणं हे त्याचं काम, ते त्याने केलेलं असतं. कुठलं पॅकेट त्यात टाकायचं हे राउटिंग टेबल ठरवतं. म्हणून अशा तक्रारीत पासवर्ड बदलणं, क्लायंट काढून पुन्हा टाकणं, सर्टिफिकेट नवीन मागवणं यातलं काहीही कामाला येत नाही. तरी बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात, मीही केली आहे.

पण दोन ठिकाणी एकच आयपी पत्ता असूच कसा शकतो?

हे पत्ते खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेल्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने तीन पट्टे ठरवून दिले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पहिल्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते, दुसऱ्यात साडेदहा लाखांच्या आसपास आणि तिसऱ्यात ६५,५३६. हे कोणीही, कोणालाही न विचारता वापरू शकतं. अट एवढीच की ते आपापल्या कुंपणाच्या आत राहावेत.

व्हीपीएन म्हणजे नेमकं दोन कुंपणं पाडून एक करणं. त्यातून राउटर बनवणाऱ्यांनी १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० याच दोन रेंज वर्षानुवर्षं डब्यातूनच घालून दिल्या. तिसऱ्या पट्ट्यात /२४ ची २५६ नेटवर्क बसतात आणि अर्धं जग त्यातल्या पहिल्या दोनवर राहतं. क्लॅश, म्हणजे पत्त्यांची टक्कर, झाला नाही तरच नवल.

गंमत म्हणजे त्याच आरएफसीने इशारा देऊन ठेवला होता: पुढे नेटवर्क एकमेकांना जोडावी लागतील, तेव्हा पत्ते पट्ट्यातून वाटेल तसे, चिठ्ठी उचलल्यासारखे निवडा. तो परिच्छेद फारसा कोणी वाचलेला दिसत नाही.

क्लॅशच आहे हे खात्रीने कसं ओळखायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. व्हीपीएन लावण्याआधी स्वतःचा पत्ता बघा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', लिनक्सवर 'आयपी ॲडर', मॅकवर 'इफकॉन्फिग'. तो ऑफिसच्याच रेंजमधला असेल तर संशय पक्का.

मग व्हीपीएन लावून सर्व्हरला पिंग करा आणि उत्तर नीट वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' या दोन ओळी सारख्या वाटतात, पण त्यांचा अर्थ फार वेगळा. विंडोजवर दुसरी ओळ आली तर तिच्या सुरुवातीला 'रिप्लाय फ्रॉम' नंतर कुठला पत्ता आहे ते पाहा. तिथे १९२.१६८.१.७, म्हणजे तुमचाच लॅपटॉप दिसत असेल, तर तो स्वतःच तुम्हाला सांगतोय की 'मी घरात हाक मारली, कोणी ओ दिली नाही.' पॅकेट घराबाहेर पडलेलंच नाही. नुसता टाइम आउट असेल तर पॅकेट कुठेतरी गेलंय आणि उत्तर हरवलंय. तेव्हा फायरवॉल किंवा परतीचा रस्ता तपासायचा.

थेट विचारायचं असेल तर लिनक्सवर 'आयपी रूट गेट १९२.१६८.१.५०', मॅकवर 'रूट मायनस एन गेट' आणि तोच पत्ता, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'फाइंड-नेटरूट' ला रिमोट आयपी म्हणून तो पत्ता. उत्तरात इंटरफेसचं नाव येतं. वायफायचं किंवा केबलचं नाव आलं तर क्लॅश. टनेलचं आलं तर राउटिंग ठीक आहे, पुढे शोधा. माझ्या मते कुठल्याही व्हीपीएन तक्रारीत सर्वात आधी हीच कमांड चालवावी. बाकी सगळे अंदाज, ही साक्ष.

माझ्याकडे पिंगला उत्तर येतं, पेजही उघडतं, पण भलतंच काहीतरी दिसतं.

हा क्लॅशचा सर्वात फसवा प्रकार. घरातही पन्नास नंबरचं काहीतरी आहे, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, आणि तेच ओ देतंय. खूण म्हणजे ब्राउझर अचानक सर्टिफिकेटबद्दल कुरकुरतो, किंवा एसएसएच (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायचा प्रोग्राम) 'या होस्टची ओळख बदलली आहे' असा आरडाओरडा करतो. हा इशारा झटकून पुढे जाऊ नका. ऑफिसचा पासवर्ड तुम्ही घरातल्या कुठल्यातरी डब्याला देऊन बसाल.

मी एकदा रात्री ऑफिसच्या राउटरवर एक नियम बदलायला बसलो. १९२.१६८.१.१ उघडलं, लॉगिनचं पान आलं, पासवर्ड चालेना. चौथ्या प्रयत्नाला सवयीने दुसरा पासवर्ड टाकला आणि आत गेलो. नियम काही सापडेना, म्हटलं राउटर रीस्टार्ट करून बघू. बटण दाबलं आणि घरातलं वायफाय गेलं. तोवर मी माझ्याच हॉलमधल्या राउटरशी भांडत होतो. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच निळ्या रंगाचं पान.

आत्ता, या क्षणी काम व्हायला हवंय. काय करू?

मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि त्यावरून व्हीपीएन जोडा. फोन सहसा वेगळीच रेंज देतो: आयफोन १७२.२०.१०.०/२८, जुने अँड्रॉइड १९२.१६८.४३.०/२४, नवे अँड्रॉइड दर वेळी वेगळी. ऑफिसशी जुळण्याची शक्यता कमी. हॉटस्पॉटवर सगळं उघडलं तर निदानही आपोआप झालं.

घरच्या राउटरची रेंज बदलली तर कायमचं सुटेल?

तुमच्यापुरतं, हो. आणि एकट्या माणसासाठी हाच सर्वात स्वच्छ उपाय. राउटरच्या सेटिंगमध्ये 'लॅन' किंवा 'लोकल नेटवर्क' या पानावर राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी, समजा, १९२.१६८.१७३.१ करा. बरेच राउटर डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) रेंज त्यासोबत स्वतः बदलतात. काही बदलत नाहीत, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. सेव्ह करताच तुमचं कनेक्शन तुटेल, ते अपेक्षितच आहे. वायफाय बंद-चालू करा, नवा पत्ता मिळेल.

ज्यांना हाताने पत्ता दिलेला आहे ती यंत्रं मागे राहतात. प्रिंटर आणि कॅमेरे हमखास. त्यांचे पत्ते आधी लिहून ठेवा.

एक सूचना: १९२.१६८.२ करू नका. सगळेजण एकनंतर दोनच करतात.

मी पाहुणा आहे, राउटर माझ्या हातात नाही. मग?

हॉटेल, विमानतळ, मित्राचं घर. इथे राउटिंगचा मूळ नियम आपल्या बाजूने वळवायचा. नियम असा: एकाच पत्त्याला टेबलातल्या दोन ओळी लागू पडत असतील तर जी जास्त नेमकी, ती जिंकते. /२४ म्हणजे 'या गल्लीतले २५६', /३२ म्हणजे 'नेमकं हे एक घर'. घरच्या /२४ पुढे टनेलचा /३२ नेहमी जिंकतो.

म्हणून फक्त फाइल सर्व्हरसाठी एक रूट, म्हणजे टेबलात नवी ओळ, टाका. विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून: 'रूट ॲड १९२.१६८.१.५० मास्क २५५.२५५.२५५.२५५ १०.८.०.१'. शेवटचा पत्ता टनेलच्या पलीकडच्या टोकाचा. लिनक्सवर: 'आयपी रूट ॲड १९२.१६८.१.५०/३२ डेव्ह टन०'. त्यानंतर पुन्हा 'रूट गेट' विचारा, इंटरफेस बदललेला दिसेल. हा रूट मशीन रीस्टार्ट झालं की जातो, आणि ते बरंच आहे.

तोटा एवढाच की त्या ठिकाणचं पन्नास नंबरचं यंत्र तुम्हाला तेवढ्यापुरतं दिसणार नाही. हॉटेलमधल्या कोणाच्यातरी टीव्हीचं आपल्याला काय? फक्त एक पत्ता या पद्धतीने कधीही ढापू नका: तिथल्या गेटवेचा, म्हणजे राउटरचा. ऑफिसला जे यंत्र हवंय तेच १९२.१६८.१.१ असेल आणि समोरचा गेटवेही तोच, तर सरळ हॉटस्पॉट लावा.

मग एकेका सर्व्हरऐवजी सगळी रेंजच दोन /२५ करून टनेलमध्ये ढकलली तर?

चालतं, आणि बरेच ॲडमिन व्हीपीएन सर्व्हरवरूनच हे करतात. १९२.१६८.१.०/२५ आणि १९२.१६८.१.१२८/२५ हे दोन तुकडे मिळून तीच /२४ होते, पण प्रत्येक तुकडा घरच्या /२४ पेक्षा नेमका, म्हणून दोन्ही जिंकतात. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा 'डेफ१' पर्यायही डिफॉल्ट रूटवर (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीच्या ओळीवर) हाच डाव टाकतो, ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ वापरून.

पण इथे पूर्ण गल्लीच टनेलमध्ये जाते. घरचा प्रिंटर गेला. घरचा राउटर डीएनएसचं (नावावरून पत्ता सांगण्याचं) काम करत असेल तर त्याला विचारलेले प्रश्नही टनेलमध्ये जाऊ शकतात आणि ऑफिसच्या भलत्याच यंत्रावर आदळतात. घरचा पत्ता वाढवून घेण्याची डीएचसीपीची विचारणाही तशीच भरकटू शकते. मग काही तास सगळं छान चालून अचानक वायफाय गचके खातं. 'सकाळी चालतं, दुपारी तुटतं' अशी तक्रार आली की मी आधी हे /२५ शोधतो.

'सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून' हा पर्याय लावला तर क्लॅश सुटतो का?

नाही. हा सर्वात पसरलेला गैरसमज आहे. सगळं ट्रॅफिक म्हणजे /० किंवा दोन /१. घरची /२४ त्याहून कितीतरी नेमकी, तीच जिंकणार. सगळं इंटरनेट टनेलमधून जाईल आणि नेमका ऑफिसचा सर्व्हर तेवढा घरात शोधला जाईल.

काही क्लायंटमध्ये 'लोकल नेटवर्क बंद' असा वेगळा पर्याय असतो, ओपनव्हीपीएनमध्ये त्याला 'ब्लॉक-लोकल' म्हणतात. तो मात्र स्थानिक नेटवर्कचं दार लावतो, त्याची गोष्ट निराळी.

दोन्ही रूट /२४ असतील तर कोण जिंकतं? मेट्रिक कमी केली तर?

लांबी (/ नंतरचा आकडा) सारखी असली की कमी मेट्रिकवाला जिंकतो (मेट्रिक म्हणजे रूटचा पसंतीक्रम), आणि इथे प्रत्येक सिस्टिमची तऱ्हा वेगळी. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर वायफायच्या रूटला साधारण ६०० मेट्रिक देतो आणि वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा 'डब्ल्यूजी-क्विक' आपला रूट मेट्रिक न लावता टाकतो. तिथे टनेल जिंकतो, ऑफिस उघडतं आणि घरचा प्रिंटर गायब होतो. त्याच कॉन्फिगने दुसऱ्याच्या विंडोजवर उलट घडू शकतं. मेट्रिकवर भरवसा ठेवून दहा माणसांना एकच फाइल वाटू नका.

वायरगार्डमध्ये 'अलाउड-आयपीज' नेमकं काय करतं? मी तिथे पत्ता टाकला तरी चालत नाही.

त्या एका ओळीला दोन कामं आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. जाताना ती सांगते की या पत्त्यांचं पॅकेट कुठल्या पीअरच्या (टनेलच्या पलीकडच्या यंत्राच्या) चावीने कुलूपबंद करायचं. येताना तीच ओळ पहारेकरी असते: त्या पीअरकडून आलेल्या पॅकेटचा मूळ पत्ता यादीत नसेल तर पॅकेट गुपचूप फेकून दिलं जातं, कुठेही तक्रार न नोंदवता.

त्यामुळे एका इंटरफेसवर दोन पीअरना एकच रेंज देता येत नाही. दिलीत तर शेवटी ज्याला दिली त्याच्याकडे ती जाते आणि पहिल्याच्या यादीतून निघते. दोन ग्राहकांची ऑफिसं एकाच वायरगार्डला जोडली, दोन्हीकडे १९२.१६८.१, आणि 'काल एक चालत होतं, आज दुसरं चालतं' असं झालं, तर कारण हेच.

दोन ऑफिसं कायमची जोडायची आहेत आणि दोन्हीकडे एकच रेंज आहे. आता?

आत्तापर्यंतचे हॉटस्पॉट आणि रूटचे उपाय इथे चालत नाहीत. एकट्या लॅपटॉपच्या बाबतीत गोंधळ एकाच बाजूला होता: सर्व्हरला पॅकेट १०.८.०.६ कडून आलेलं दिसायचं आणि परतीचा रस्ता स्वच्छ होता. दोन ऑफिसांत दोन्ही बाजू आंधळ्या. तिकडच्या सर्व्हरला १९२.१६८.१.७ कडून प्रश्न आला तर तो उत्तर स्वतःच्याच गल्लीत देणार.

उपाय दोन. एका बाजूची रेंज बदलणं, किंवा दोन्ही बाजूंना टोपणनाव देणं. टोपणनाव म्हणजे पूर्ण सबनेटचं (रेंजचं) एकास एक नॅट; नॅट म्हणजे पॅकेटवरचा पत्ता वाटेत बदलणं. समजा पहिलं ऑफिस बाहेरच्यांना १०.५१.१.०/२४ म्हणून दिसेल आणि दुसरं १०.५२.१.०/२४ म्हणून. शेवटचा आकडा तोच राहतो, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

एका पॅकेटचा प्रवास बघू. पहिल्या ऑफिसातला १९२.१६८.१.७ दुसऱ्या ऑफिसच्या सर्व्हरला हाक मारतो, पण १९२.१६८.१.५० म्हणून नाही, १०.५२.१.५० म्हणून. हा पत्ता आपल्या गल्लीतला नाही, म्हणून पॅकेट मुकाट राउटरकडे जातं. पहिला राउटर पाठवणाऱ्याचं नाव बदलतो: १९२.१६८.१.७ चं १०.५१.१.७ होतं. पॅकेट टनेल ओलांडतं. दुसरा राउटर पोचण्याचं नाव बदलतो: १०.५२.१.५० चं १९२.१६८.१.५० होतं आणि पॅकेट सर्व्हरवर उतरतं. सर्व्हर उत्तर देतो १०.५१.१.७ ला, तेही त्याच्या गल्लीतलं नाही, म्हणून ते राउटरकडेच जातं. तिथून उलट्या क्रमाने तेच. प्रत्येक राउटर फक्त आपल्या माणसांची नावं बदलतो, हा नियम पाळला की डोकं दुखत नाही.

लिनक्सवर यासाठी आयपीटेबल्स या फायरवॉलचं 'नेटमॅप' टार्गेट आहे; येणाऱ्यासाठी 'प्रीराउटिंग'मध्ये, जाणाऱ्यासाठी 'पोस्टराउटिंग'मध्ये. व्यावसायिक फायरवॉलवर याला स्टॅटिक नॅट, बायनॅट किंवा एकास एक नॅट म्हणतात. ओपनव्हीपीएनमध्ये एकट्या वापरकर्त्यासाठीही हेच करणारा 'क्लायंट-नॅट' पर्याय आहे आणि तो सर्व्हरवरून ढकलता येतो. फार कमी जणांना तो माहीत असतो.

नॅट लावलं, टनेल वर आहे, तरी काही जात नाही.

माझ्या अनुभवात तीनच जागा तपासाव्या लागतात.

पहिली, आयपीसेकचे (राउटर सहसा वापरतात त्या व्हीपीएन पद्धतीचे) सिलेक्टर. टनेलमध्ये काय जाणार याची यादी नॅट झाल्यानंतरच्या पत्त्यांत द्यायची: १०.५१.१.०/२४ ते १०.५२.१.०/२४. एका बाजूने जुनेच १९२.१६८.१ ठेवले तर टनेलचा पहिला टप्पा उभा राहतो आणि दुसरा पडतो. आयकेईव्ही२ (आयपीसेकचा टनेल ठरवणारा प्रोटोकॉल) च्या लॉगमध्ये तेव्हा 'टीएस अनॲक्सेप्टेबल' दिसतं.

दुसरी, नियमांचा क्रम. इंटरनेटसाठीचा मास्करेडचा (आतले सगळे पत्ते राउटरच्या बाहेरच्या पत्त्यामागे लपवण्याचा) नियम वर आणि तुमचा नेटमॅप खाली असेल तर पॅकेटला आधीच राउटरचा बाहेरचा पत्ता चिकटतो, मग ते सिलेक्टरमध्ये बसत नाही आणि इंटरनेटकडे निघून जातं. नेटमॅप वर न्या.

तिसरी जागा कोणी बघत नाही: खुद्द सर्व्हरची फायरवॉल. विंडोजमध्ये खाजगी प्रोफाइलवर फाइल शेअरिंग आणि पिंगचे नियम मुळात 'लोकल सबनेट' पुरतेच उघडे असतात. तुमचं पॅकेट आता १०.५१.१.७ कडून येतंय, म्हणजे परका. राउटरवर तासन्‌तास घालवण्याआधी सर्व्हरवर त्या रेंजला परवानगी द्या.

पत्त्याने उघडतं, नावाने उघडत नाही.

डीएनएस खरा पत्ता सांगतंय, १९२.१६८.१.५०, आणि तुम्हाला हवंय टोपणनाव. पलीकडून विचारणाऱ्यांसाठी वेगळी उत्तरं देणारा झोन ठेवा, किंवा फायरवॉलला जाता-येता डीएनएस उत्तरातला पत्ता बदलायला सांगा. हे बऱ्याच फायरवॉलना जमतं. होस्ट्स फाइलमध्ये हाताने नोंद हा तिसरा मार्ग, पाच यंत्रांपर्यंत ठीक.

नॅटमुळे काय मोडतं?

जे पॅकेटच्या पोटात स्वतःचा पत्ता लिहून पाठवतं ते सगळं. सिप वापरणारे इंटरनेट फोन: घंटी वाजते, आवाज एकाच बाजूने येतो. ॲक्टिव्ह मोडमधलं एफटीपी. सेटिंगमध्ये आयपी ठोकून बसवलेली जुनी सॉफ्टवेअर. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे डोमेन कंट्रोलर (ऑफिसची लॉगिन तपासणारे सर्व्हर) नॅटच्या दोन बाजूंना ठेवायची शिफारस खुद्द मायक्रोसॉफ्ट करत नाही. असं काही जोडायचं असेल तर नॅटचा नाद सोडा, रेंज बदला.

घरी रेंज वेगळी आहे, तरी क्लॅश दाखवतोय!

लॅपटॉपच्या पोटात बघा. कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअरही तिथे आपापली नेटवर्क बनवतात. डॉकर पहिल्या नेटवर्कला १७२.१७.०.०/१६ घेतो आणि पुढची नेटवर्क बनवत गेलात की १७२.१८, १७२.१९ असा पसरतो. व्हर्च्युअलबॉक्स १९२.१६८.५६.०/२४ घेतो, लिनक्सवरचा लिबव्हर्ट १९२.१६८.१२२.०/२४. ऑफिस १७२.१८ वर असेल तर डेव्हलपरच्या लॅपटॉपवर परवापर्यंत चालणारं व्हीपीएन काल नवा कंटेनर उभा केल्यावर बंद पडतं, आणि त्याला संबंध कळत नाही. डॉकरच्या 'डीमन डॉट जेसन' फाइलमध्ये 'डिफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स' लिहून त्याची हद्द आखून द्या.

अर्धवट क्लॅशही असतो. ऑफिसने आळशीपणाने पूर्ण १०.०.०.०/८ ढकललं आणि घरी १०.०.०.०/२४ आहे, तर १०.२०.५.५ उघडेल आणि १०.०.०.५ उघडणार नाही. 'काही सर्व्हर चालतात, काही नाही' असं ऐकलं की हा प्रकार आठवा.

पिंग जातं, लॉगिन होतं, पण मोठी फाइल अडकते. हाही क्लॅश का?

नाही, हा बहुतेकदा एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा त्रास. पॅकेटला टनेलचं वेष्टन चढलं की ते रस्त्यात मावत नाही. वायरगार्ड म्हणूनच नेहमीच्या १५०० ऐवजी सहसा १४२० ठेवतो. तो आकडा आणखी कमी करून बघा.

नवीन रेंज कुठली निवडावी?

घासून गुळगुळीत झालेल्या टाळा: १९२.१६८.०, १९२.१६८.१, १०.०.०, १०.१.१, १७२.१७, ॲमेझॉनच्या डिफॉल्ट व्हीपीसीची १७२.३१, कुबर्नेटीजच्या सेवांची १०.९६. फासे टाका आणि येईल ते घ्या, १०.१८७.४४.०/२४ सारखं काहीतरी. आणि व्हीपीएनच्या पूललाही (टनेलमधल्या पत्त्यांनाही) हाच नियम लावा, उदाहरणातला १०.८.० बऱ्याच जणांनी ट्युटोरियलमधून जसाच्या तसा उचललेला असतो.

दुसऱ्याचे सार्वजनिक पत्ते आत वापरू नका. बऱ्याच ठिकाणी १.१.१.१ हा पत्ता 'कोणाचाच नाही' म्हणून आतल्या कामाला लावला होता. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरने त्यावर डीएनएस सेवा सुरू केली आणि त्या नेटवर्कमधून ती उघडेना. १००.६४.०.०/१० ही रेंजही इंटरनेट पुरवठादारांच्या नॅटसाठी २०१२ मध्ये राखली गेली. टेलस्केल ही व्हीपीएन सेवा आपले पत्ते त्यातूनच देते, म्हणून तिथेही गर्दी आहे.

आयपीव्ही६ वर गेलं की हे सगळं संपेल?

पत्त्यांच्या क्लॅशपुरतं, जवळजवळ हो. तिथे खाजगी पत्त्यांच्या रेंजमध्ये ४० बिटांचा तुकडा यादृच्छिक निवडायचा असतो, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त शक्यता. पण कॅमेरे, हजेरीची यंत्रं, जुने प्रिंटर आयपीव्ही४ सोडायला तयार नसतात. मधला मार्ग म्हणून टेलस्केलचं '४व्हाया६' प्रत्येक साइटला क्रमांक देऊन तिथले आयपीव्ही४ पत्ते आयपीव्ही६ मध्ये गुंडाळतं, मग दहा ठिकाणी १९२.१६८.१ असलं तरी फरक पडत नाही.

ऑफिसची पूर्ण रेंज बदलणं आमच्याने होणार नाही. काही सोपी वाट?

आहे, आणि ती सहसा कोणी सुचवत नाही. सगळं ऑफिस हलवू नका, बाहेरून लागणारी यंत्रंच हलवा. मोजून बघा, घरून काम करणाऱ्यांना बहुतेकदा चार-पाच सर्व्हरच लागतात. त्यांच्यासाठी वेगळं व्हीलॅन (त्याच केबल-स्विचवरचं वेगळं नेटवर्क) काढा, १०.१८७.४४.०/२४ द्या आणि व्हीपीएनला फक्त तेवढाच रूट ढकला. दीडशे डेस्कटॉप आणि प्रिंटर जुन्याच रेंजमध्ये राहू देत.

हलवताना सर्व्हरला काही दिवस दोन्ही पत्ते ठेवा आणि डीएनएस नोंदीचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो आकडा) दोन दिवस आधीच कमी करा, ५ मिनिटांवर. जुन्या पत्त्यावर अजून कोण येतंय ते लॉगमध्ये दिसतं. तिथे शेवटी उरतो तो एखादा स्कॅनर, ज्यात कोणीतरी कधीकाळी सर्व्हरचा आयपी हाताने टाकलेला असतो.

आयटीकडे तक्रार करताना काय पाठवू?

'व्हीपीएन चालत नाही' एवढंच नको. व्हीपीएन लावण्याआधीचा तुमचा आयपी आणि मास्क, लावल्यानंतरचं पूर्ण राउटिंग टेबल (विंडोजवर 'रूट प्रिंट'), जे उघडत नाही त्याचं नाव आणि पत्ता, पिंगच्या उत्तराची ओळ जशीच्या तशी, आणि हॉटस्पॉटवरून तेच करून पाहिलं तेव्हा काय झालं ते. स्क्रीनशॉटपेक्षा मजकूर कॉपी करून पाठवा, त्यात शोधता येतं.